जिताड्याच्या कल्ल्याआड

रविवारी सकाळी कामोठ्याच्या बाजारात जिताडा आला असेल तर लांबूनच कळतं. एका पाटीभोवती चार माणसं वाकलेली असतात आणि मावशी मासा उचलून एकेकाला दाखवत असते. भाव सांगण्याआधी ती कल्ला उघडते. “बघून घे दादा, लाल आहे का नाय.” कल्ला लाल म्हणजे मासा ताजा, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

त्या उघडलेल्या कल्ल्यात आणखी एक गोष्ट असते, आणि ती बाजारात कुणी बघत नाही. कल्ल्याच्या पोकळीत, वरच्या कोपऱ्यात, पातळ त्वचेच्या लगेच खाली फिकट रंगाची एक लहानशी गादी असते. ती माशाची थायमस ग्रंथी. आपली थायमस छातीच्या हाडामागे सुरक्षित असते, माशाची मात्र पाण्याच्या इतक्या जवळ. मग मावशी पोट फाडते, आतडी काढते आणि कण्याच्या खालचा काळपट लाल पट्टा कोयत्याच्या टोकाने खरवडून टाकते. तो पट्टा म्हणजे मूत्रपिंड. त्याचा डोक्याकडचा भाग लघवीचं काम करत नाही, तो रक्त तयार करतो. आपल्याकडे हे काम हाडांतली मज्जा करते. माशांच्या हाडांत ती सोय नसल्यामुळे काम या पट्ट्यावर येऊन पडलं.

थायमस आणि हा पट्टा ही माशाच्या पांढऱ्या पेशींची दोन मोठी विद्यालयं. दोन मिनिटांत ती साफ होऊन टोपलीत जातात. आयुष्यभर मासा जगला तो मात्र त्यांच्या जोरावर. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण १० लाख जिवाणू असतात आणि विषाणू त्यांच्या दहापट. आपण श्वास घेतो तो हवेचा. मासा असलं पाणी रात्रंदिवस कल्ल्यांवरून वाहू देतो, तेच पाणी गिळतो, त्यातच अंडी सोडतो. तरी खाडीतले बहुतेक मासे धडधाकट असतात. हे कसं जमतं, त्याचं उत्तर माशाच्या जनुकांत आहे.

शत्रूला मारणं हे पांढऱ्या पेशीसाठी तितकंसं अवघड काम नाही. अवघड आहे ते ओळखणं. समोर आलेला कण जिवाणू आहे, अन्नाचा तुकडा आहे की आपल्याच शरीराचा भाग आहे, हे पेशीला डोळ्यांनी दिसत नाही. ती चाचपून ओळखते. तिच्या अंगावर प्रथिनांचे बारीक हात असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात; मराठीत ग्राही. एखाद्या ग्राहीच्या खाचेत जिवाणूचा एखादा रेणू नीट बसला की पेशीच्या आत निरोप जातो आणि ती कामाला लागते. प्रत्येक ग्राही हे प्रथिन, प्रत्येक प्रथिनाची कृती जनुकात लिहिलेली. म्हणजे माशाला काय ओळखता येतं आणि काय येत नाही, याचा हिशेब त्याच्या जनुकांत सापडतो.

पनवेल परिसरातल्या माणसाला हा हिशेब चटकन समजेल, कारण सातबारा आणि वाटण्या इथे घरोघरच्या. मालमत्ता दोन प्रकारची असते, वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित. माशाचे ग्राहीही असेच दोन प्रकारचे आहेत.

वडिलोपार्जित ग्राही

पहिला प्रकार आईबापांकडून जसाच्या तसा मिळतो. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाकडे तो पहिल्या दिवसापासून असतो. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध कुटुंब टोल ग्राहींचं. टोल हे जनुक आधी फळमाशीत सापडलं. १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसून आलं की टोल बिघडलेली माशी बुरशीने मरते. दोन वर्षांनी अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी उंदरात त्याच घराण्यातल्या टीएलआर-४ या ग्राहीचं काम दाखवलं: जिवाणूंच्या एका मोठ्या गटाच्या आवरणातलं विष तो ओळखतो. २०११ सालच्या नोबेल पारितोषिकात हे दोघे होते.

माणसाकडे असे टोल ग्राही १० आहेत. निरनिराळ्या माशांत मिळून वीसहून अधिक प्रकार सापडले आहेत. हाडांच्या माशांच्या पूर्वजात ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सगळा जनुकसंच एकदा दुप्पट झाला होता. बऱ्याच जादा प्रती पुढे गळून पडल्या, काही मात्र नव्या कामाला लागल्या. माशांच्या ग्राहींमध्ये इतकी विविधता दिसते, त्यामागचं हे एक कारण.

टीएलआर-२२ हा ग्राही माशांकडे आहे, सस्तन प्राण्यांकडे नाही. तो पेशीच्या बाहेरच्या अंगाला बसतो आणि विषाणूंच्या दुपदरी आरएनएचे लांब धागे पकडतो. पाण्यातून थेट येणारा विषाणू दारातच ओळखायची ही सोय आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील जलजीवपालन संस्थेत आपल्या रोहू माशातल्या या जनुकावर काम झालं. तिथल्या शास्त्रज्ञांनी जनुक कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने रोहूतलं हे जनुक बंद पाडूनही दाखवलं; तो शोधनिबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. एखादं जनुक नेमकं काय करतं हे जाणण्याचा तो सर्वांत थेट मार्ग: ते काढून घ्या आणि काय अडतं ते बघा.

याच्या उलट गोष्ट टीएलआर-४ ची. माणसात हा ग्राही इतका तल्लख आहे की जिवाणूंच्या विषाचा अंश रक्तात शिरला तरी ताप भरतो, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावतो. अनेक माशांत हे जनुकच नाही. झेब्राफिश या लहानशा माशात ते आहे, पण त्या विषाला ते दाद देत नाही. २००९ साली प्रयोगांतून हे स्पष्ट झालं. आपल्याला मारून टाकेल एवढी मात्रा मासे सहज सोसतात. चारी बाजूंनी जिवाणूंनी वेढलेल्या जिवाने प्रत्येक स्पर्शाला घंटा वाजवली असती तर त्याला जगणंच अशक्य झालं असतं.

टोल ग्राही फार जुने आणि फारसे न बदलणारे. माशांकडे दुसरीही काही कुटुंबं आहेत, ती मात्र झपाट्याने बदलतात. १९९९ साली एका फुगणाऱ्या माशात अशा ग्राहींचा गट सापडला. नंतर झेब्राफिशमध्ये त्या कुटुंबाची जवळपास ४० जनुकं मिळाली, बहुतेक एकाच गुणसूत्रावर ओळीने मांडलेली. या ग्राहींची बाहेरची बाजू एकमेकींपासून वेगळी असते, म्हणजे प्रत्येकाची पकड वेगळी. आतल्या टोकालाही दोन तऱ्हा आहेत. काहींच्या टोकाला पेशीला टाच मारणारी रचना असते, काहींच्या टोकाला लगाम खेचणारी. पेशी चालून जाणार की थांबणार हे दोन्हींच्या बेरजेवर ठरतं.

अशा काही कुटुंबांत आणखी एक विशेष दिसतो. एकाच जातीचे दोन मासे घेतले तर त्यांच्याकडची जनुकं सारखी नसतात. एकाच्या गुणसूत्रावर असलेला आख्खा गट दुसऱ्याकडे नसतोच, त्या जागी वेगळाच गट असतो. चार भावांत वाटणी झाली की कुणाला विहीर येते, कुणाला आंबा, कुणाला रस्त्याकडची पट्टी. तसंच हे. त्यामुळे एका माशाचा जनुकसंच वाचून त्या जातीची सगळी मालमत्ता कळत नाही.

गोधडीचे तुकडे

वडिलोपार्जित ग्राहींना एक मर्यादा आहे. पूर्वजांना जे शत्रू भेटले, त्यांचीच ओळख त्यांत लिहिलेली असते. जिवाणूची नवी पिढी काही मिनिटांत ते काही तासांत येते. जिताड्याला मोठं व्हायला वर्षं लागतात. या शर्यतीत केवळ वारशावर निभावत नाही. म्हणून दुसरा प्रकार: स्वतःच्या आयुष्यात घडवलेले ग्राही. ते टी आणि बी या पांढऱ्या पेशींवर असतात. बी पेशी आपले ग्राही सुटे करून रक्तात सोडतात तेव्हा त्यांनाच आपण प्रतिपिंडं म्हणतो.

शत्रू अगणित आणि जनुकं मोजकी, मग अगणित ग्राही येतात कुठून? हा प्रश्न कित्येक वर्षं सुटत नव्हता. १९७६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे सुसुमू तोनेगावा आणि त्यांचे सहकारी नोबुमिची होझुमी यांनी उंदराच्या गर्भातला डीएनए आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीतला डीएनए शेजारी ठेवून तपासला. दोन्हींची मांडणी वेगळी निघाली. शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए एकसारखाच असतो, ही पक्की समजूत त्या दिवशी मोडली. पेशी आपलं जनुक कापते आणि पुन्हा शिवते. तोनेगावांना १९८७ साली नोबेल मिळालं.

आजीच्या गोधडीसारखं हे काम आहे. गुणसूत्रावर तुकड्यांचे तीन ढीग असतात. त्यांना व्ही, डी आणि जे म्हणतात. प्रत्येक बी पेशी प्रत्येक ढिगातून एकेक तुकडा उचलते आणि जोडून आपला एकच नमुना शिवते. कापण्याचं काम रॅग-१ आणि रॅग-२ ही दोन प्रथिनं करतात. त्यांची जनुकं १९८९ आणि १९९० साली सापडली. तुकडे जोडताना शिवणीवर डीएनएची दोन-चार अक्षरं गळतात किंवा नवी घुसतात, आणि तीही कुठल्याच नियमाने नव्हे. म्हणून तेच तीन तुकडे घेतले तरी दोन पेशींच्या शिवणी जुळत नाहीत. सर्वांत जास्त विविधता याच शिवणींत असते.

माशात ही गोधडी प्रत्यक्ष मोजली गेली आहे. त्यासाठी वापरला गेला झेब्राफिश: गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, जेमतेम चार सेंटिमीटरचा, निळ्या पट्ट्यांचा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्यातही त्याच्यावर काम चालतं. २०१३ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोड या इवल्या माशात सापडते.

त्याच्या आयजीएम या मुख्य प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी व्हीचे ३९, डीचे ५ आणि जेचे ५ तुकडे आहेत. गुणाकार करा: ३९ गुणिले ५ गुणिले ५ म्हणजे ९७५ जोड्या. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन क्वेक यांच्या गटाने १४ झेब्राफिशांमधली प्रतिपिंडांची जनुकं एकेक करून वाचली आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. एकेका माशाने शक्य जोड्यांपैकी ५० ते ८६ टक्के जोड्या खरोखर वापरल्या होत्या. शिवणीतले फरक धरले तर प्रत्येकाकडे काही हजार वेगळे नमुने होते. विशेष म्हणजे काही वेळा वेगवेगळ्या माशांनी स्वतंत्रपणे नेमकं तेच प्रतिपिंड शिवलं होतं. एका प्राण्याच्या प्रतिपिंडांचा इतका पूर्ण हिशेब तोवर कुणी मांडला नव्हता. माणसात तो अशक्यप्राय आहे, आपल्याकडे पेशीच इतक्या. चार सेंटिमीटरच्या माशाने ते शक्य करून दिलं.

शिवलेला प्रत्येक ग्राही उपयोगाचा नसतो, काही तर घातकच असतात. स्वतःच्याच शरीराला शत्रू समजणाऱ्या टी पेशी थायमसमध्ये वेचून मारल्या जातात. कल्ल्याआडची ती फिकट गादी म्हणजे ही परीक्षा घेणारी जागा.

माशांनी यात स्वतःची एक भरही घातली आहे. २००५ साली रेनबो ट्राउट आणि झेब्राफिश या दोन माशांत जवळपास एकाच वेळी नवं प्रतिपिंड सापडलं. ट्राउटमधल्या प्रतिपिंडाला आयजीटी नाव मिळालं. २०१० साली कळलं की ट्राउटच्या आतड्यातल्या परजीवीशी लढायला प्रामुख्याने तेच पुढे येतं. पुढे कल्ले आणि त्वचेवरही तेच दिसलं. अंगावरच्या बुळबुळीत थरात ते पसरलेलं असतं. मासा हातातून निसटतो तो या थरामुळे, आणि जिवाणूही त्यातच अडकतात. आयजीटी घडवणारी पेशी वेगळी आणि आयजीएम घडवणारी वेगळी, कारण गुणसूत्रावर दोघांचे डी आणि जे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. कात्री कुठे चालली त्यावर पेशीचा व्यवसाय ठरतो. ट्राउटच्या बी पेशी चक्क जिवाणू गिळतात, हेही २००६ साली दिसलं. तोवर पुस्तकांत हे काम भक्षक पेशींचं म्हणूनच शिकवलं जायचं.

स्वकष्टार्जित मालमत्तेचा एक नियम इथे कडक आहे: ती पुढच्या पिढीला मिळत नाही. गोधडी पांढऱ्या पेशीत शिवली जाते, अंड्यात किंवा शुक्रपेशीत नाही. आई अंड्याबरोबर थोडी तयार प्रतिपिंडं देते, ती काही दिवस पुरतात. तुकडे कापून आपला ग्राही शिवणं मात्र पिल्लाला शून्यापासून करावं लागतं. झेब्राफिशमध्ये ही व्यवस्था पुरती उभी राहायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर पिल्लू जगतं ते वडिलोपार्जित ग्राहींवरच.

मुशी, लॅम्प्रे आणि उडी मारणारं जनुक

मुशीच्या सुक्क्यावर ताव मारणाऱ्याला कदाचित ठाऊक नसेल, पण ही कापाकापीची रीत मुशीच्या घराण्याइतकी जुनी आहे. जबडा असलेल्या सगळ्या प्राण्यांत, मुशीपासून माणसापर्यंत, रॅगची कात्री आहे. या घराण्याचा उगम सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा. मुशीने तुकड्यांची मांडणी निराळी ठेवली: मोठ्या ढिगांऐवजी शंभर-सव्वाशे छोटे जुडगे, प्रत्येकात थोडे थोडे तुकडे. त्यातले काही जुडगे तर अंड्यापासूनच शिवलेले असतात. म्हणजे कुण्या पूर्वजाची स्वकष्टार्जित गोधडी चुकून प्रजननपेशीत शिवली गेली आणि वडिलोपार्जित होऊन बसली. मुशीकडे एक अगदी लहान जातीचं प्रतिपिंडही आहे, १९९५ साली सापडलेलं. ते इतर प्रतिपिंडांना न पोचणाऱ्या खाचांत शिरतं, म्हणून औषधं शोधणारे त्याच्यामागे आहेत.

लॅम्प्रे आणि हॅगफिश या जबडा नसलेल्या माशांकडे रॅग नाही. त्यांच्या रक्तात लढाऊ पेशी होत्या, पण ग्राही सापडत नव्हते. २००४ साली झीव पॅन्सर आणि मॅक्स कूपर यांच्या गटाला ते सापडले. वळणावळणाच्या अगदी वेगळ्याच प्रथिनांचे तुकडे जोडून लॅम्प्रे आपले ग्राही बनवतो. कापड वेगळं, शिवण वेगळी, गोधडीची कल्पना मात्र तीच. निसर्गाला तीच युक्ती दोनदा सुचली.

आपली कात्री कुठून आली, याचाही माग लागला आहे. डीएनएमध्ये स्वतःला कापून दुसरीकडे चिकटवणारे भटके तुकडे असतात. रॅग हा अशाच एका भटक्याचा वंशज. २०१६ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांना ॲम्फिऑक्सस या वाळूत राहणाऱ्या साध्या प्राण्यात त्याचा जिवंत नातेवाईक मिळाला. एके काळचा घुसखोर जनुकसंचात मुरला आणि घरचा शिंपी झाला.

गमावूनही जगलेले

टी पेशीला शत्रू थेट दिसत नाही. इतर पेशी शत्रूचे तुकडे एका ताटलीत मांडून तिच्यापुढे धरतात. या ताटल्या म्हणजे एमएचसी प्रथिनं, आणि त्यांची जनुकं प्राण्यांमधली सर्वांत विविध जनुकं. ताटलीच्या आकारावर कोणता तुकडा बसणार हे ठरतं, म्हणून एकाच आजारात एक मासा तगतो आणि दुसरा मरतो.

या ताटल्यांचे पहिला आणि दुसरा असे दोन वर्ग आहेत. २०११ साली नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी अटलांटिक कॉड माशाचा जनुकसंच वाचला आणि सगळे चकित झाले. दुसऱ्या वर्गाच्या ताटल्या, त्यांना लागणारा सीडी-४ हा ग्राही, सगळंच गायब. माणसात सीडी-४ पेशी घटल्या की काय होतं हे एड्सने दाखवलं आहे. कॉड मात्र थंड समुद्रात लाखोंनी जगतो, बहुधा त्याने पहिल्या वर्गाच्या ताटल्या प्रचंड वाढवल्या म्हणून.

२०२० साली जर्मनीच्या थॉमस बोएम यांच्या गटाने त्याहून नवल दाखवलं. खोल समुद्रातल्या अँगलरफिशच्या काही जातींत इवलासा नर मादीच्या अंगाला चावून कायमचा चिकटतो. दोघांचं रक्त एक होतं. आपल्यात दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर ते झिडकारतं. या माद्या नराला झिडकारत नाहीत, कारण अशा काही जातींनी रॅगसह स्वकष्टार्जित व्यवस्थेचे मोठे भागच सोडून दिले आहेत. त्या जगतात त्या वडिलोपार्जित बाजूच्या जोरावर.

या दोन उदाहरणांवरून मला एक गोष्ट पटली आहे. माशाची प्रतिकारशक्ती म्हणजे आपल्या व्यवस्थेची कच्ची आवृत्ती नव्हे. तो ५० कोटी वर्षांचा वेगळा हिशेब आहे, आणि त्यात वारशाचं पारडं आपल्यापेक्षा जड आहे.

पुन्हा जिताड्याकडे

हा वारसा रायगडच्या खारेपाटात रोजच्या व्यवहाराचा आहे. पेण-अलिबागकडे घरामागच्या तळ्यात जिताडा वाढवायची जुनी रीत. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी जिताडा अंडी घालतो, पिल्लं भरतीबरोबर आत येतात, ती धरून तळ्यात सोडायची आणि पुढे सणाला किंवा जावई आला की काढायची. बंगालात हाच मासा भेटकी, गोव्यात चोणक, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली त्याचं बीज हॅचरीत तयार करून दाखवलं, आणि आता पिंजऱ्यांतही त्याची शेती होते.

हॅचरीतल्या पिल्लांचा मोठा वैरी नोडा विषाणू. तो मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात शिरतो. पिल्लं गोल गोल फिरायला लागतात आणि टाकीच्या टाकी मरते. गाठतो तो नेमका त्या वयात, जेव्हा स्वतःचे ग्राही शिवून झालेले नसतात. चेन्नईच्याच संस्थेने या रोगावर देशी लस बनवली आहे. माशांना लस हे ऐकायला नवं वाटतं, पण नॉर्वेचा अनुभव बघा. १९८७ साली तिथली सालमन शेती वर्षाला जवळपास ५० टन प्रतिजैविकं वापरायची. चांगल्या लसी आल्या आणि उत्पादन दहा लाख टनांच्या पुढे गेलं तरी हा वापर एका टनाच्या आसपास उतरला. माशाच्या पेशींना स्मरण असतं, म्हणूनच हे घडलं. लस म्हणजे खरा शत्रू येण्याआधी योग्य गोधडी निवडून ठेवणं.

लस मात्र अर्धंच काम करते, उरलेलं वारसा करतो. १९८८ साली ईशान्येकडून देशात शिरलेल्या, बुरशीसारख्या जीवामुळे होणाऱ्या व्रणरोगात मरळ माशाच्या अंगाला भोकं पडली. त्याच रोगापुढे सायप्रिनस मासा टिकून राहिला. भुवनेश्वरला १९९२ पासून निवड पद्धतीने रोहूची सुधारित ‘जयंती’ जात घडवली गेली, आणि तिथेच जिवाणूजन्य जलोदरापुढे टिकणारी रोहूची घराणी निवडण्याचंही काम झालं. निवड करायची तर निवडण्याजोगी विविधता आधी हवी.

ती विविधता कुठे आहे? २०१६ साली सिंगापूरच्या संशोधकांच्या पुढाकाराने जिताड्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. तो सुमारे ६७ कोटी अक्षरांचा, २४ गुणसूत्रांचा, म्हणजे माणसाच्या साधारण पाव हिश्श्याचा. त्याबरोबर ठिकठिकाणच्या ६१ जिताड्यांची जनुकं वाचून तुलना केली, तेव्हा तीन गट पडले: ऑस्ट्रेलियाकडचा, आग्नेय आशियातला आणि भारताकडचा. आपल्याकडचा जिताडा जनुकांनी वेगळा आहे. म्हणून परदेशी बीज आणलं की आपल्या जिताड्याची भरपाई झाली, असं होत नाही.

ताटल्यांची आणि वाटणीत आलेल्या ग्राहींची ती जनुकं एका माशात मावत नाहीत. ती हजारो माशांत विखुरलेली असतात. हॅचरीत मोजक्याच नर-माद्यांपासून बीज काढलं की त्या वारशाचा लहानसा तुकडाच पुढे जातो. बाकी सगळा खाडीत असतो. कामोठ्याच्या रेल्वेरुळांपलीकडे पनवेलच्या खाडीची कांदळवनं आहेत, त्यांच्या मुळांमधल्या गढूळ पाण्यात माशांची पिल्लं वाढतात. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचाच घाला ठरवला, तेव्हा त्या निकालाने या पिल्लांचंही भलं केलं.

तळ्यात जिताडा सोडणाऱ्यांनी तपासलेलं बीज घ्यावं, मासा मरू लागला की मिळेल ते प्रतिजैविक ओतू नये, आणि लस उपलब्ध असेल तिथे ती आधी विचारावी. बाकीच्या आपण सगळ्यांनी एवढं करावं: खाडीत भराव आणि रसायनं जाताना दिसली तर गप्प बसू नये, तक्रार करावी. लस प्रयोगशाळेत नव्याने बनवता येते. ५० कोटी वर्षांत जमवलेली आणि हजारो माशांत वाटलेली ही वडिलोपार्जित मालमत्ता एकदा बुडाली की ती पुन्हा कुणालाही बनवता येणार नाही.